आजीचे दोन वाढदिवस

मुलांनो, तुमच्या ओळखीत १ जूनला वाढदिवस असलेली किती माणसे आहेत? हसू नका, खरंच मोजून बघा. आजीला विचारा, आजोबांना विचारा, शेजारच्या काकांना विचारा. तुमची दोन्ही हातांची बोटे कदाचित पुरणार नाहीत.

एवढी सगळी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? तर ती जन्मली नाहीत, गुरुजींनी त्यांना जन्माला घातले! पूर्वी खेडेगावात मूल जन्मले की तारीख कोण लिहून ठेवणार? ‘पंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला’, ‘ज्वारीच्या काढणीत झाली’ अशा आठवणी असत. पुढे ते मूल शाळेत जाई. शाळा जूनमध्ये सुरू होई. दाखल करून घ्यायचे तर वयाची अट पुरी व्हायला हवी. मग गुरुजी मुलाकडे एकदा निरखून बघत, अंदाजाने वर्ष ठरवत आणि रजिस्टरात लिहून टाकत, १ जून! महाराष्ट्रातल्या लाखो लोकांचा कागदावरचा वाढदिवस असा ठरला.

माझी आई, म्हणजे माझ्या लेकीची आजी, त्यांतलीच. तिची खरी जन्मतिथी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची. माझ्या वडिलांनी कधीतरी जुने पंचांग काढून हिशेब केला आणि ८ ऑगस्ट ही तारीख पक्की केली. आमच्या घरी ८ ऑगस्टला आजीला ओवाळतात, शेंगापोळी होते. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९५१. या दोन तारखांनी २०२४ च्या उन्हाळ्यात आमची कशी झोप उडवली, ती गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

त्याचे असे झाले. आम्ही सोलापूरचे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाच्या भोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. आजीने ती अडुसष्ट लिंगे पायी फिरून केली आहेत. एक दिवस माझी लेक (तेव्हा सातवीत होती) तिला म्हणाली, “आजी, एकोणसत्तरावं शिवलिंग बघायचंय का? पण ते व्हिएतनाममध्ये आहे!”

ती थट्टा नव्हती. व्हिएतनामच्या मध्यभागी ‘मी-सन’ नावाची जागा आहे. या नावाचा अर्थ सुंदर डोंगर. तिथे चंपा नावाचे राज्य होते. चौथ्या शतकात तिथल्या भद्रवर्मन राजाने शंकराचे देऊळ उभारले आणि देवाला नाव दिले भद्रेश्वर. पुढे तेराव्या शतकापर्यंत तिथे विटांची मंदिरे बांधली जात होती. संस्कृतातले शिलालेखही तिथे सापडतात. १९६९ साली अमेरिकेच्या बाँबफेकीत त्यांतली बरीच मंदिरे ढासळली. उरलेल्या मंदिरांच्या डागडुजीला आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसे गेली होती. २०२० च्या मे महिन्यात खोदकाम करताना त्यांना एकाच अखंड वालुकाश्मातून घडवलेले, नवव्या शतकातले शिवलिंग मिळाले.

हे ऐकून आजी चटकन उठून बसली. “मला न्या की रे तिथं,” म्हणाली, “काशी झाली, रामेश्वर झालं. हे कुणी बघितलंय?”

झाले! आमची सहल ठरली.

पहिली गोष्ट पासपोर्टची. पासपोर्ट म्हणजे ‘हा माणूस आमचा आहे, याला जाऊ-येऊ द्या’ असे आपल्या देशाने दुसऱ्या देशांना लिहिलेले पत्रच. पूर्वी सोलापूरच्या माणसाला त्यासाठी पुण्याची वारी करावी लागे. २०१७ पासून देशभरात पोस्टाच्या कचेऱ्यांमध्ये पासपोर्टची केंद्रे सुरू झाली, तशी ती आपल्या गावातही सोय झाली. आजीने आपला शाळेचा दाखला ट्रंकेतून काढला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढून घेतला. घरी चौकशीला आलेल्या पोलिसांना चहा पाजला. थोड्याच दिवसांत निळे पुस्तक घरी आले. जन्मतारीख अर्थातच दाखल्यावरची, १ जून.

दुसरी गोष्ट व्हिएतनामच्या परवानगीची. आता बऱ्याच देशांत जाण्यासाठी वकिलातीच्या दारात रांग लावावी लागत नाही. घरी बसून संगणकावर अर्ज करायचा, पैसे भरायचे, परवानगीचा कागद ई-मेलने येतो. श्रीलंकेने ही पद्धत २०१२ साली सुरू केली. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकून त्या जागी अशी ऑनलाइन परवानगी आणली. अमेरिकेने तर ज्या देशांच्या पाहुण्यांना व्हिसा लागत नाही त्यांनाही २००९ पासून आधी ऑनलाइन विचारून या, असे सांगितले. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या लोकांसाठी ई-व्हिसा खुला केला. एकदा प्रवेश करण्याचे शुल्क २५ डॉलर. अर्ज फेटाळला किंवा आपणच चुकलो, तरी पैसे परत नाहीत.

एप्रिलच्या मध्याला एका रात्री मी अर्ज भरायला बसलो. सुरुवातीलाच फसता फसता वाचलो. शोधल्यावर जी पहिली पाने आली ती सरकारी नव्हतीच! झेंडा तोच, रंग तेच, पण शुल्क दुपटीहून जास्त. ती मधल्या दलालांची पाने. लेक मागून बघत होती. ती म्हणाली, “बाबा, पत्त्याच्या शेवटी बघा ना. सरकारी असेल तर जीओव्ही डॉट व्हीएन पाहिजे.” आपल्याकडे कसे सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते, तसेच. मुलांनो, हे लक्षात ठेवा. पान किती छान दिसते यावर जाऊ नका, पत्त्याचे शेपूट बघा.

खरे पान सापडले. फोटो चढवले, पासपोर्टच्या पहिल्या पानाची चित्रे चढवली. कोणत्या विमानतळावर उतरणार ते लिहिले. माझी, सौ.ची आणि लेकीची माहिती पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर पाहून भरली. शेवटी आजीचा अर्ज. रात्रीचे बारा वाजायला आले होते. आईची जन्मतारीख काय पासपोर्टात बघायची? जन्मभर तो दिवस साजरा केलेला! मी भराभर टाइप केले, ८ ऑगस्ट १९५१. पैसे भरले आणि झोपलो.

आठवडाभरात चारही परवानग्या आल्या. मी त्या छापून प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून ठेवल्या. ७ मेच्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, ८ मेच्या रात्री विमान. सगळे कसे जिथल्या तिथे!

सोमवार, २९ एप्रिल. बाहेर सोलापूरचे ऊन नुसते भाजून काढत होते. रात्री जेवणे झाल्यावर लेक पासपोर्ट घेऊन खेळत बसली होती. खेळ कसला, तर गणिताचा. तो तुम्हांलाही शिकवतो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन लांबलचक ओळी असतात. त्यांत इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि बाणाच्या टोकासारखी खूप चिन्हे असतात. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरे. त्या ओळी माणसांसाठी नसून यंत्रासाठी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना नावाची एक जागतिक संस्था आहे. तिने हे नियम ठरवले, म्हणून सोलापूरच्या माणसाचा पासपोर्ट जगातल्या कुठल्याही विमानतळावरचे यंत्र वाचू शकते.

खालच्या ओळीत तुमची जन्मतारीख सहा आकड्यांत असते. आधी वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस. आणि त्याच्या पुढे आणखी एक सातवा आकडा असतो. तो कुठून आला? तो असतो पहारेकरी! त्याला ‘चेक डिजिट’ म्हणतात. तो असा काढायचा: सहा आकड्यांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे. सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा, म्हणजे एकं स्थानचा, तोच पहारेकरी. सहांपैकी एखादा जरी आकडा चुकून दुसरा पडला, तरी पहारेकरी बदलतो आणि यंत्राला चूक कळते.

लेकीने माझा आकडा काढला. जुळला. आईचा काढला, जुळला. स्वतःचाही जुळला. मग आजीची पाळी. तिने वहीत लिहिले: ५१०८०८. पाच सत्ते पस्तीस, एक त्रिक तीन, शून्य, आठ सत्ते छप्पन्न, शून्य, आणि आठ. बेरीज १०२. म्हणजे पहारेकरी २. पासपोर्टवर पाहिले तर तिथे १!

“बाबा, आजीचा पासपोर्ट चुकलाय,” ती ओरडली.

“तूच चुकली असशील. पुन्हा कर.”

तिने पुन्हा केले. पुन्हा दोनच. मग तिने डोळे बारीक करून पासपोर्टवरचे आकडे वाचले. “अहो बाबा, इथे ५१०८०८ नाहीच आहे. ५१०६०१ आहे!”

पस्तीस, तीन, शून्य, बेचाळीस, शून्य, एक. बेरीज ८१. पहारेकरी १. बरोबर जुळले. पासपोर्ट बरोबरच होता.

माझ्या पोटात गोळा आला. मी फाइल उघडली. आजीच्या व्हिएतनामच्या परवानगीवर जन्मतारीख छापलेली होती, ०८ ऑगस्ट १९५१. पासपोर्टवर ०१ जून. म्हणजे कागदांच्या हिशेबाने ही दोन वेगळी माणसे! विमान कंपनीची माणसे परवानगी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरून बघतात. तारीख जुळली नाही तर विमानात चढूच देत नाहीत.

आजी शांतपणे सुपारी कातरत होती. तिला सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हंजे खरी तारीख लिहिली ती चुकीची, आणि गुरुजींनी ठोकून दिलेली ती बरोबर? असं कसं काय की हे!”

काय उत्तर देणार? मी गप्प बसलो. लेकच जरा विचार करून म्हणाली, “आजी, ते तुझा खरा वाढदिवस विचारतच नाहीत. हा कागद आणि तो कागद एकाच आजीचे आहेत का, एवढंच विचारतात.”

मुलांनो, मला वाटते त्या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर कुणी देऊ शकले नसते. अर्ज म्हणजे आपले आत्मचरित्र नव्हे. अर्जात जे विचारले आहे ते, आणि ज्या कागदावरून विचारले आहे त्या कागदाप्रमाणेच लिहायचे असते.

पण आता करायचे काय? आलेली परवानगी घरबसल्या दुरुस्त करता येईना. त्याच रात्री आजीचा नवा अर्ज केला. या वेळी मी वाचायचे, लेकीने टाइप करायचे आणि सौ.ने तिसऱ्यांदा तपासायचे. पुन्हा २५ डॉलर भरले. निघायला आठ दिवस होते, अर्जाला कामाचे तीन दिवस लागतात. म्हणजे काळजी नको, असे वाटले. तेवढ्यात लेकीने दुसरा बाँब टाकला. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल हा देश एक झाल्याचा दिवस आणि १ मे कामगार दिन. दोन्ही दिवस सुट्टी. म्हणजे कचेरी उघडणार २ मेला, गुरुवारी. मग शुक्रवार. पुढे शनिवार-रविवार, एरवीच्या हिशेबाने सुट्टीचे. तिसरा दिवस सोमवार, ६ मे. आणि ७ मेच्या रात्री आमची गाडी!

ते दिवस कसे काढले ते आमचे आम्हांला ठाऊक. मी तासातासाला मेल बघत होतो. घरात कुणी मला बोलत नव्हते, पण ते न बोलणेच जास्त टोचत होते. एकदा सौ. म्हणाली, “नाहीच आलं तर तुम्ही तिघं जा, मी सासूबाईंजवळ थांबते.” आजी म्हणाली, “खुळी का काय? मी थांबते, तुम्ही जा की. माझी अडुसष्ट झाल्यात.” ती हे हसत म्हणाली. पण त्या रात्री तिने भरून ठेवलेली पिशवी उघडली आणि नवे लुगडे पुन्हा कपाटात ठेवले. ते मी दारातून पाहिले. माझ्या एका आळसाची ती किंमत होती.

रविवारी मन रमावे म्हणून लेकीला घेऊन भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात गेलो. सोलापूरच्या मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस माहीत असतातच. इतरांसाठी सांगतो. ते १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. जपानने चीनवर हल्ला केला होता, तेव्हा १९३८ साली जखमींच्या सेवेसाठी भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. डॉ. कोटणिसांनी तिथे रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकली, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच ते गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला.

या गोष्टीत पासपोर्टही आहे. पाच जणांत आधी कलकत्त्याच्या दुसऱ्याच एका डॉक्टरांची निवड झाली होती. पण ब्रिटिश सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. त्यांची राजकीय मते सरकारला आवडत नव्हती. म्हणून त्यांच्या जागी डॉ. बसू गेले. हे ऐकून लेक म्हणाली, “म्हणजे त्यांनी काहीच चूक केली नव्हती?”

“काहीच नाही.”

“मग आपलं बरंय बाबा. आपण चुकलो म्हणून अडकलोय. चूक दुरुस्त तरी करता येते.”

घरी येताना तिने रिक्षातच डॉ. कोटणिसांच्या जन्मतारखेचा पहारेकरी काढला. १०१०१०. सात अधिक एक अधिक तीन, अकरा. म्हणजे १. त्यांच्या पासपोर्टवर अर्थात तो नव्हता. ही यंत्राची ओळ त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

सोमवार गेला. मेल नाही.

मंगळवार, ७ मे. त्या दिवशी सोलापुरात लोकसभेचे मतदान होते. आजी म्हणाली, “विमान राहू दे, आधी मत.” ऊन चढायच्या आत आम्ही रांगेत उभे राहिलो. बोटाला शाई लावून घरी आलो, पंखा लावला, पाणी प्यालो. सौ.ने मोबाइल उचलला आणि एकदम आजीच्या हातात दिला. परवानगी आली होती.

पण या वेळी कुणी नाचले नाही बरं का! आधी लेक पासपोर्ट घेऊन बसली. नाव, तपासले. पासपोर्टचा क्रमांक, तपासला. उतरण्याचा विमानतळ, कुठपासून कुठपर्यंत राहता येईल त्या तारखा, तपासल्या. जन्मतारीख, ०१ जून १९५१. “पस्तीस, तीन, शून्य, बेचाळीस, शून्य, एक... एक्क्याऐंशी. आजी, तू तूच आहेस!”

आजीने कपाटातून नवे लुगडे काढले.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या ताईंनी आजीचा पासपोर्ट आणि परवानगीचा कागद शेजारी शेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितले. मला घाम फुटला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजी, खिडकीची जागा देऊ?” एवढेच.

तीन दिवसांनी आम्ही मी-सनला होतो. भोवती हिरवे डोंगर, मधे लाल विटांची पडकी देवळे. काही ठिकाणी बाँबचे खड्डेही दिसतात. आजीने चपला काढल्या, शिवलिंगासमोर हात जोडले आणि आपल्या गड्ड्याच्या यात्रेत म्हणतात तसे हळूच म्हणाली, “हर्र बोला हर्र!” तिथल्या पहारेकऱ्याला शब्द कळले नसतील, पण त्यानेही मान लववली.

तर मित्रांनो, या गोष्टीतून मी काय शिकलो? जी गोष्ट आपल्याला माहीत नसते ती आपण चार वेळा तपासतो. चूक होते ती पाठ असलेल्या गोष्टीत, कारण तिथे आपण बघतच नाही. परीक्षेत अवघड गणित बरोबर येते आणि साध्या बेरजेत गुण जातात, ते यामुळेच ना?

आता तुमच्यासाठी एक काम. स्वतःच्या जन्मतारखेचा पहारेकरी काढा. घरात पासपोर्ट असेल तर आई-बाबांच्या समोर बसून तो जुळतो का पाहा. मात्र पासपोर्टचा फोटो काढून कुणाला पाठवू नका, त्यावरचे आकडे कुणाला सांगू नका. आणि आजी-आजोबांना त्यांची खरी जन्मतिथी नक्की विचारा. ती कागदावर नसली तर तुम्ही तुमच्या वहीत लिहून ठेवा. नाहीतर ती हरवून जाईल.

आमच्याकडे आता आजीचे दोन वाढदिवस होतात. १ जूनला लेक तिला शुभेच्छापत्र देते, त्यावर पत्ता असतो ‘पासपोर्टवाल्या आजीस’. आणि ८ ऑगस्टला शेंगापोळी. आजी म्हणते, “गुरुजींचे उपकार झाले बघ. दोनदा गोडधोड मिळतंय!”